माग बंद

कान गेलेत माझे.
तीस वर्षं कांड्या भरल्या
अशोक चौकामागच्या या बोळात.
खाली बारा माग, वर आमच्या दोन खोल्या.
आता माग मला ऐकू येत नाहीत,
तळपायांना कळतात.
फरशी थरथरते, तांब्यातलं पाणी थरथरतं,
म्हणजे सगळं चालू आहे.

त्या चैत्रात रात्री लाइट गेली.
बोळातले माग एका दमात थांबले
आणि भूदेवीचा आवाज उघड्यावर पडला.
चार दिवसांनी पाणी यायच्या आधी
तोटी घरघरते ना, तशी घरघरत होती म्हणे.
मला श्यामलानं सांगितलं, माझ्या सुनेनं,
कानाशी तोंड आणून.

लाइट आली. माग सुरू झाले.
आवाज परत झाकला गेला,
पण काय झाकलंय ते आता सगळ्यांना ठाऊक होतं.
इतकी वर्षं आम्ही टॉवेल विणत होतो
तिच्या तोंडावर टाकायला.

दुसऱ्या दिवशी सुपांभोवती बोलणं निघालं.
रजियाआपा म्हणाली, चौकीत जाऊ.
शिवलिंगव्वा पान कातरता कातरता थांबली,
चौकीतनं परत घरीच यायचं असतंय की.
तेव्हा राजेशम कोंडा,
जो पगाराच्या दिवशीसुद्धा बोलत नाही,
दारातनं म्हणाला,
लाइट गेली म्हणून ऐकू आलं.
मग आपणच घालवू.

एवढंच ठरलं.
ज्याला ऐकू येईल त्यानं आपला माग बंद करायचा.
शेजारच्यानं का म्हणून विचारायचं नाही,
त्यानंही करायचा.
बायकांनी सुपं घेऊन त्या दारापुढं बसायचं.
शिवी नाही, हात नाही, विड्या वळायच्या.
ती बाहेर आली की एकच विचारायचं,
कुठं जायचंय, बाई?
आणि ती म्हणेल तिथं.

येमूल शेठ म्हणाला, मीटरचं नुकसान?
राजेशम म्हणाला, कापून घ्या.
घेतलंही त्यानं. पहिल्या महिन्यात एकशे ऐंशी.

साधलं का? काही वेळा.
भूदेवीच्या नवऱ्यानं ती शांतता ऐकली
आणि उगारलेला हात
केस सारखे केल्यासारखा डोक्यावरनं फिरवला.
दुसरा एकजण माग सुरू व्हायची वाट बघत बसला,
त्याच्या उंबऱ्याशी आपानं उजाडेपर्यंत
सातशे विड्या वळल्या.
एकीनं आम्हालाच शिव्या घातल्या, दार लोटलं.
पुढं सहा महिन्यांनी
तीच दुसरीच्या दारात सूप घेऊन आली,
बोलली नाही काही.

मग मार्गशीर्षातली ती रात्र.
फरशीनं जागी केली मला.
थरथर नव्हती.
तांब्यातलं पाणी आरशासारखं.
मनात म्हटलं, आज कुणाचं घर?
चपला सापडेनात, तशीच जिन्याशी आले.

अख्खा बोळ आमच्याच जिन्याखाली बसलेला.
वर बघत.
माझ्याकडं.

माझ्या मागं, पडद्यापलीकडं, अंबादास.
कांड्यांच्या पेटीत निजवून वाढवलेला,
खटखटाट थांबला की रडत उठणारा.
आणि श्यामला,
बोळातलं सगळं माझ्या कानात सांगणारी,
हे एक कधी न सांगितलेली.
किंवा सांगितलंही असेल.
कान गेलेत माझे, असं म्हणायची
मला सवयच लागली होती.

राजेशम मान खाली घालून उभा.
आपानं सरकून माझ्यासाठी जागा केली.
मी एक पायरी उतरले
आणि थांबले.
ती जागा आज माझी नव्हती.

मागं फिरले. पडदा ओढला.
लेकाकडं नंतर बघणार होते,
आयुष्य पडलं होतं त्याला.
तिच्यापुढं बसले, विचारलं,
कुठं जायचंय, बाई?

आणि चार वर्षांत पहिल्यांदा
तिच्या ओठांकडं
नीट बघत राहिले.